सेकंदभर जगणाऱ्या अणूंचं रसायनशास्त्र: हे लोक नेमकं मोजतात काय?

फणसपोळी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असते, पण एक प्रश्न काही दिवस डोकं खातोय म्हणून धागा काढतेय. जिलबी (फालतू धागा) वाटली तर सांगा, गपगुमान परत जाईन.

आवर्तसारणीच्या तळाशी १०४ रुदरफोर्डियमपासून ११८ ओगानेसनपर्यंत जी मंडळी बसली आहेत, त्यांच्याबद्दल वाचत होते. निसर्गात सापडत नाहीत, त्वरणकात एकेक अणू करून बनवावी लागतात, आणि बनली की बघता बघता खलास. इथपर्यंत ठीक. पण पुढे वाचलं की २०२४ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या गटाने ११५ नंबरच्या, म्हणजे मॉस्कोव्हियमच्या, रासायनिक गुणधर्मांवर शोधनिबंध काढला. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मरायला लागणारा वेळ, किती? सेकंदाचा पाचवा हिस्सा!

माझं रसायनशास्त्र बीएस्सीला संपलं. तेव्हा रसायन म्हणजे परीक्षानळी, अवक्षेप, रंग बदलणं, बाईंची बोलणी. एका अणूला रंग असतो का? उत्कलनबिंदू असतो का? नसेल तर ही मंडळी मोजतात काय? माझं जरा आगाऊ मत: याला अणुकेंद्रीय भौतिकशास्त्र म्हणा, रसायनशास्त्र म्हणू नका. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ताकभात

पहिली मी! आता निवांत वाचते.

मुकादम

सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात प्रयोग उरकणारी माणसं आहेत म्हणता? आमच्या खात्यात पाठवा दोन. फाइल वरच्या मजल्यावर जायला तीन महिने लागतात आणि जिना एकच आहे.

अल्फा_कण

धागा आवडला. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात रेडिओकेमिस्ट्रीत (किरणोत्सारी पदार्थांच्या रसायनशास्त्रात) उमेदवारी केली असल्याने लिहायचा मोह होतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

फणसपोळीताई, डोळ्यांना न दिसणाऱ्या, वजन न करता येणाऱ्या पदार्थाचं रसायनशास्त्र हे काही आजचं खूळ नाही. १८९८ साली क्युरी दांपत्याने पोलोनियम जाहीर केलं तेव्हा त्यांच्या हातात पोलोनियमची चिमूटभर पूडही नव्हती. किरणोत्सार कुठल्या अवक्षेपाबरोबर जातो, एवढंच त्यांनी पाहिलं. तो बिस्मथबरोबर जात होता, पण बिस्मथ स्वतः किरणोत्सारी नाही, म्हणजे आत दुसरं कोणीतरी आहे. आमचं सगळं शास्त्र याच पायावर उभं आहे: अणू मेला की ओरडतो, तो कुठे ओरडला ते पाहायचं.

यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट १९५५ सालची, अमेरिकेतल्या बर्कलेची. गिओर्सो, हार्वी, चोपिन, थॉम्प्सन आणि सीबोर्ग या पाच जणांना १०१ नंबर बनवायचा होता. लक्ष्य म्हणून आइन्स्टाइनियम, तेही साधारण अब्जभर अणू. अब्ज ऐकून दचकू नका, सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा दिसणार नाही एवढाच तो माल. त्यावर अल्फा कणांचा मारा केला. एखादा अणू १०१ झाला की धक्क्याने उडून मागच्या सोन्याच्या पत्र्यात जाऊन रुतायचा. मारा थांबला की पत्रा काढून घ्यायचा आणि पळत सुटायचं. खाली गिओर्सो फोक्सवॅगन चालू ठेवून बसलेला, टेकडीवरच्या प्रयोगशाळेपर्यंत गाडी दामटायची. तिथे पत्रा आम्लराजात विरघळवायचा, सोनं बाजूला काढायचं आणि उरलेलं द्रावण आयन-विनिमय रेझिनच्या (आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) स्तंभातून थेंब थेंब सोडायचं. कितव्या थेंबात काय उतरणार, हे रसायनशास्त्रच सांगतं. आधी जड अ‍ॅक्टिनाइड, मग हलके (८९ ते १०३ ही मंडळी म्हणजे अ‍ॅक्टिनाइड). १०१ जिथे उतरायला हवं होतं बरोबर तिथेच अणू सापडले. प्रत्येक प्रयोगामागे साधारण एक. नव्या मूलद्रव्याचा शोध सतरा अणूंवर जाहीर झाला. तेच मेंडेलेव्हियम.

गिओर्सोने मोजणीयंत्राची तार इमारतीच्या आगीच्या घंटेला जोडून ठेवली होती. अणू फुटला की घंटा! अग्निशमनवाल्यांनी ते लगेच बंद पाडलं म्हणतात.

थेंब म्हणताना घाईत कल्पना येत नाही, म्हणून सांगतो. शिकाऊ असताना आम्हीही हेच करायचो, मात्र साध्या मूलद्रव्यांवर. स्तंभाखाली स्टीलच्या छोट्या चकत्या, त्यांना आम्ही प्लँचेट म्हणतो, एकेक सरकवायच्या. प्रत्येक चकतीवर थेंब झेलायचा, तांबड्या दिव्याखाली सुकवायचा. कड उचलली गेली तर मोजणी बिघडते, म्हणून चिमट्याने फार हळू. मग ज्योतीवर लाल करून मोजणीला. हातात दोन-दोन हातमोजे, बाहेर पडताना हातपाय तपासणीच्या यंत्रावर. पहिल्या आठवड्यात यंत्र जरा किणकिणलं की छातीत धस्स व्हायचं.

चिंगी

अल्फाकाका, दंडवत घ्या. "अणू मेला की ओरडतो" हे चेपुवर (फेसबुकवर) चिकटवते, तुमच्या आयडीसकट.

ऱ्हाइनकाठी

वर्णन मस्त. पण मेंडेलेव्हियमचा तो समस्थानिक (आयसोटोप) तासभराहून जास्त जगतो. एका सेकंदात गाडी, टेकडी, आम्लराज काही जमणार नाही. मी जर्मनीत माइन्झला असतो, माझं काम वेगळं आहे पण शेजारच्या गटातले लोक अर्धं आयुष्य डार्मस्टाटच्या बोगद्यात घालवतात, त्यामुळे जेवताना हाच विषय. हल्ली द्रावणाऐवजी वायूत काम चालतं.

हॅसियमचं (१०८) उदाहरण घेऊ, कारण तो प्रयोग सगळ्यात देखणा आहे. डार्मस्टाट, २००१. क्युरियमवर मॅग्नेशियमचा मारा. बनलेला अणू हेलियम आणि ऑक्सिजनच्या झोतात पकडला जातो, तापलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीत ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि पुढे एका अरुंद फटीतून जातो. फटीच्या दोन्ही भिंती म्हणजेच सिलिकॉनचे शोधक, आणि ही फट एका टोकाला जराशी थंड तर दुसऱ्या टोकाला द्रव नायट्रोजनने गारठवलेली. हॅसियमचा वरचा भाऊ ऑस्मियम. त्याचं टेट्रॉक्साइड जबरदस्त बाष्पनशील आणि तितकंच विषारी. हॅसियम कुटुंबाला धरून वागलं तर तेही ऑक्साइड होऊन फटीत शिरेल आणि कुठेतरी गारठून भिंतीला चिकटेल.

सात अणू मिळाले. हॅसियमचं ऑक्साइड साधारण उणे ४४ अंशांला चिकटलं, ऑस्मियमचं त्याच यंत्रात उणे ८२ ला. म्हणजे गटाला धरून आहे, पण थोडं जास्त चिकट.

चिकटतं म्हणजे एकदाच जाऊन बसतं असं नाही. आपली लाल एस.टी. डोळ्यांसमोर आणा. अणू दर थांब्यावर थांबतो, सुटतो, पुढे पुन्हा थांबतो. मार्ग जसजसा गार होतो तसतसा थांबा लांबत जातो. आणि अर्धायुष्य म्हणजे टाकीतलं डिझेल. जिथे संपलं तिथे गाडी उभी, आणि तिथल्या शोधकात अल्फा कणाची नोंद.

मुकादम

डिझेल संपेपर्यंत पोचते म्हणजे ती नक्की आमच्या डेपोची नाही.

ठोकळेबाज

वरचे प्रतिसाद रंजक आहेत, पण धागाकर्तीचा मूळ मुद्दा सगळ्यांनी गोडीगोडीत बाजूला सारला. मी भौतिक रसायन शिकवतो, म्हणून खडूस वाटलो तर हलके घ्या.

समतोल ही अनेक कणांची गोष्ट. समतोल स्थिरांक म्हणजे संहतींचं, द्रावणातल्या प्रमाणांचं, गुणोत्तर. एका अणूची संहती काय डोंबलाची? सात अणूंवरून काढलेल्या तापमानात चूक असायची शक्यता केवढी असेल? आणि चिकटला तो हॅसियमचा ऑक्साइडच, हे कोणी पाहिलं? वर्णपट घेतला? वजन केलं? नाही. ऑस्मियम तसं वागतं म्हणून हॅसियमही तसंच, हे गृहीत धरूनच प्रयोग रचला. माझं मत धागाकर्तीच्या बाजूने.

अल्फा_कण

ठोकळेबाज, प्रश्न रास्त आहेत, खडूस वगैरे नाही. एकेक घेतो.

एका अणूची संहती नसते, बरोबर. म्हणून संहतीच्या जागी संभाव्यता येते. लाख अणू असतील तर तुम्ही विचारता, यातले किती द्रावणात आणि किती रेझिनवर? एकच असेल तर विचारायचं, हा किती वेळ द्रावणात आणि किती वेळ रेझिनवर? अणूने पुरेशा वेळा ये-जा केली तर दोन्हीचं उत्तर एकच. तो स्तंभात किंवा त्या फटीत असंख्य वेळा चिकटतो आणि सुटतो. एस.टी.चा शेवटचा थांबा तुम्हाला एकच दिसतो, पण तो आधीच्या सगळ्या थांब्यांची बेरीज असतो. म्हणूनच एकदाच होणारी, परत न फिरणारी अभिक्रिया या कामाला चालत नाही. ये-जा जलद हवी, अर्धायुष्यापेक्षा पुष्कळ जलद.

रंग, घनता, स्फटिक वगैरे एका अणूला नाहीत, तिथे ताईंशी सहमत. पण पृष्ठभागाला किती जोरात धरतो, कुठल्या आम्लात कोणाबरोबर जातो, शेवटचा इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, हे त्याला आहे. जपानच्या तोकाईला २०१५ मध्ये लॉरेन्सियमची (१०३) आयनन ऊर्जा मोजली, ४.९६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. तो समस्थानिक २७ सेकंद जगतो.

ऑक्साइडच कशावरून, याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. ते माइन्झकरांनी द्यावं.

कर्दनकाळ

हे सगळं कशासाठी पण? मारा करायला कॅल्शियम-४८ नावाचा समस्थानिक खर्ची घालतात म्हणे महिनोन्‌महिने, तो निसर्गातल्या कॅल्शियममध्ये ०.१९ टक्केसुद्धा नाही, सोन्याहून महाग. मिळकत काय, तर दोन अणू. आणि तेही मेले. शेतकऱ्याला याचा उपयोग सांगा, मग मी टाळ्या वाजवतो.

ताकभात

आले! धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत पॉपकॉर्न आणते.

चिंगी

@कर्दनकाळ, मी रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनला आहे, तर माझ्या खिडकीतून दिसणारा उपयोग सांगते. अ‍ॅक्टिनियम-२२५, अर्धायुष्य दहा दिवस. प्रोस्टेटच्या पसरलेल्या कर्करोगावर त्याचे उपचार जगभर तपासले जात आहेत. अ‍ॅस्टटीन-२११, अर्धायुष्य सात तासांच्या आसपास. अ‍ॅस्टटीनचा दिसेल एवढा तुकडा आजवर कोणी केलेला नाही, केला तर स्वतःच्याच उष्णतेने उडून जाईल. तरी त्याला रेणूला जोडून गाठीपर्यंत पोचवायचंय, वाटेत सुटून थायरॉइडमध्ये जाता कामा नये. न दिसणाऱ्या, घाईत मरणाऱ्या अणूला कुठल्या बंधाने बांधायचं? हे ज्ञान वरच्या "निरुपयोगी" मंडळींकडूनच येतं. शेतकऱ्यालाही कर्करोग होतो हो.

कर्दनकाळ

अ‍ॅस्टटीनचं पटलं. मॉस्कोव्हियमचं अजून नाही.

निवृत्त_तात्या

अवांतर करतो, थोरांनी माफ करावं. फाइलींचा विषय मुकादमांनी काढला म्हणून. ११७ नंबर बनवायला बर्केलियम लागत होतं. अमेरिकेत ओक रिजच्या अणुभट्टीत २५० दिवस भाजून आणि वर तीन महिने शुद्ध करून बावीस मिलिग्रॅम मिळालं. अर्धायुष्य वर्षाहून कमी, म्हणजे तयार झाल्या दिवसापासून माल उतरणीला. शिशाच्या डब्यांत भरून २००९ मध्ये विमानाने मॉस्कोला धाडलं. रशियन कस्टमने कागद अपुरे म्हणून परत पाठवलं. पुन्हा गेलं, पुन्हा परत! पाच वेळा अटलांटिक ओलांडला त्या डब्यांनी. शेवटी मॉस्कोजवळच्या दुब्नाच्या प्रयोगशाळेत पोचलं आणि त्यातून टेनेसीनचे सहा अणू निघाले.

मुकादम

हसून हसून पुरेवाट! म्हणजे विज्ञान सेकंदाचं आणि शिक्का महिन्याचा, हे जगभर सारखंच. तात्या, आज बरं वाटलं.

वाचनमात्र

आपल्याकडे होतं का यातलं काही?

अल्फा_कण

@वाचनमात्र, नवी अतिजड मूलद्रव्यं आपल्याकडे बनत नाहीत. त्यासाठी महिनोन्‌महिने तीव्र झोत लागतो. पण कुलाब्याच्या पेलेट्रॉनवर (टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्वरणकावर) जड आयन एकमेकांवर आपटून जोडलेलं केंद्रक टिकतं की दुभंगतं, याचा अभ्यास पुष्कळ वर्षं चालू आहे. अतिजड मूलद्रव्य बनण्यातली खरी अडचण तीच: जुळतात, पण बहुतेक वेळा लगेच फुटतात. आणि अ‍ॅक्टिनाइड वेगळे करण्याच्या रसायनात ट्रॉम्बेचं नाव जगात घेतलं जातं, हे अभिमानाने सांगतो.

ऱ्हाइनकाठी

ठोकळेबाजांच्या प्रश्नावर येतो. काल प्रयोगाची पाळी होती म्हणून उशीर.

त्यांची शंका इतकी योग्य आहे की या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं भांडण त्यावरच आहे. फ्लेरोव्हियम, ११४. कुटुंबाने शिसं. पण एवढ्या जड अणूत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास पळतात. ढोबळ हिशोब असा: अणुक्रमांक भागिले १३७. सोन्यासाठी ५८ टक्के, ११२ साठी ८२ टक्के. वेग वाढला की सापेक्षतेमुळे काही कक्षा आक्रसतात, त्यातले इलेक्ट्रॉन घट्ट बसतात, बंध करायला राजी नसतात. सोनं पिवळं आणि पारा पातळ, दोन्ही याच कारणाने. मग ११४ शिशासारखं धातू की राजवायूसारखं अलिप्त? सत्तरच्या दशकापासून तर्क चालू होते.

२०१० मध्ये दुब्नाच्या प्रयोगातून स्विस गटाने सांगितलं, राजवायूसारखं दिसतंय, सोन्याने मढवलेल्या तशाच फटीत फार गार टोकाला जाऊन बसलं. २०१४ मध्ये डार्मस्टाटकरांनी सांगितलं, छे, आमचे दोन अणू खोलीच्या तापमानालाच सोन्याला चिकटले, हा बाष्पनशील धातू. दोन्ही बाजूंचे अणू बोटांवर मोजण्याइतके. पुढे २०२२ मध्ये डार्मस्टाटहून आणखी अणू आले आणि पारडं धातूकडे झुकलं, पण काही अणू खोलीच्या तापमानाला तर काही खूप गार जागी बसले, म्हणजे सरळसोट उत्तर तरीही नाही. २०२४ च्या निबंधात निहोनियम (११३) आणि मॉस्कोव्हियम क्वार्ट्‌झवर तपासले. थॅलियम आणि बिस्मथ या थोरल्या भावंडांपेक्षा कमी क्रियाशील, पण शेजारच्या फ्लेरोव्हियमपेक्षा जास्त.

ठोकळेबाज

म्हणजे दोन प्रयोगशाळा, मूठभर अणू, दोन उत्तरं. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, आभारी आहे.

ऱ्हाइनकाठी

थांबा, पुढे ऐका, तुम्हाला अजून आवडेल. २०२५ मध्ये बर्कलेने नोबेलियमचे (१०२) रेणू थेट ओळखले. आयन पकडून त्यांचं वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर मोजलं, त्यामुळे अणूला काय काय चिकटलंय ते गृहीत धरावं लागत नाही. म्हणजे तुम्ही मागितलेलं वजनच हे. आणि त्यांना दिसलं काय? मुद्दाम कुठलाही वायू सोडायच्या आधीच नोबेलियमला पाणी आणि नायट्रोजन चिकटलेलं होतं! यंत्रात उरलेली अगदी नगण्य भेसळ पुरली. आधीच्या प्रयोगांत सुटा अणू समजून जे मोजलं, ते खरंच सुटं होतं का, हा प्रश्न आता सगळ्यांना विचारावा लागतोय. फ्लेरोव्हियमच्या भांडणाची मेख तिथेही असू शकेल.

माझ्या लेखी हीच रसायनशास्त्राची खूण आहे. मोजणी चुकीच्या रेणूची निघू शकते, हा धोका केंद्रकीय भौतिकीवाल्यांना कधी नसतो. त्यांना केंद्रक कळलं की पुरे, बाहेर काय चिकटलंय याच्याशी घेणंदेणं नाही.

फणसपोळी

बापरे, शंका एकटी आली होती, परत जाताना वरात घेऊन चालली. सगळ्यांचे आभार. रंग-वास नसला तरी पृष्ठभागाला धरण्याची ताकद आणि आयनन ऊर्जा असते, हे पटलं. वस्तुमानावरून रेणू ओळखले असतील तर मी त्याला बिनतक्रार रसायनशास्त्र म्हणेन. सात अणूंच्या तापमानाबद्दल मात्र मी अजून ठोकळेबाजांच्या बाकावर आहे.

उत्कलनबिंदूचं राहिलंच की. मी एका ठिकाणी कोपर्निशियमचा (११२) उत्कलनबिंदू छापलेला पाहिला. पाच-सहा अणूंना कोणी उकळवलं?

ऱ्हाइनकाठी

कोणीच नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन अणू सोन्यावर बसलेले दिसले, पाऱ्यापेक्षा बाष्पनशील, पण राजवायूपेक्षा सोन्याला जास्त धरणारे. उत्कलनबिंदू गणिती आहे. २०१९ च्या गणनेनुसार वितळायचा बिंदू साधारण १० अंश सेल्सिअस आणि उकळायचा ६७. वाटीभर मिळालं असतं तर पुण्याच्या हवेत द्रव राहिलं असतं.

ठोकळेबाज

गणित म्हणून छापा, शेजारी तसं लिहा, माझी हरकत नाही. मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत बसवू नका. हा राग माझा प्रकाशकांवर आहे, डार्मस्टाटवर नाही.

चिंगी

@कर्दनकाळ, तुमच्यासाठी राखून ठेवलेलं. ट्रॅक्टरची शिशाची बॅटरी. २०११ मध्ये एका गटाने हिशोब मांडला: एका सेलच्या साधारण २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट सापेक्षतेच्या परिणामातून येतात. म्हणजे शिशाचे इलेक्ट्रॉन एवढे पळत नसते तर ट्रॅक्टरला हँडलच मारावं लागलं असतं. याच गणितांची सगळ्यात कडक परीक्षा ११४, ११५ वर होते, कारण तिथे परिणाम सगळ्यात मोठा.

कर्दनकाळ

हे पटलं. टाळी एक. दुसरी ११८ चं रसायन केलंत की.

अल्फा_कण

११८ ची वाट बघू नका. ओगानेसनचा ज्ञात समस्थानिक मिलिसेकंदही पुरता जगत नाही. वायूचा झोत त्याला फटीच्या तोंडापर्यंत न्यायच्या आधीच खेळ खलास. गणित म्हणतं की राजवायूंच्या रांगेत बसूनही तो खोलीच्या तापमानाला घन असेल, पण तपासणार कसं? त्याच्या दोन घरं अलीकडचं ११६, लिव्हरमोरियम, फार तर साठेक मिलिसेकंद. बर्कलेने २०२४ मध्ये टायटॅनियमचा झोत वापरून त्याचे दोन अणू केले, २२ दिवसांत.

ऱ्हाइनकाठी

साठ मिलिसेकंद वायूच्या नळीला फार कमी पडतात, म्हणून वायूच काढून टाकून निर्वातात तोच खेळ करायचा प्रयत्न चालू आहे. जमलं तर ११६ होईल. आमच्या टेबलावर यावर पैज लागली आहे, रक्कम सांगत नाही.

ताकभात

कोणाच्या बाजूने लावलीत ते तरी सांगा!

ऱ्हाइनकाठी

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.